थेंबभर तेलाचा मच्छीपाव

अण्णांना स्वयंपाकातली एकच गोष्ट येत असे, आणि ती त्यांना येते हे दर रविवारी सकाळी अख्ख्या खालच्या आळीला कळत असे. एरवी आठवडाभर ते कचेरीत हेडक्लार्क होते, घरी चहाचं आधणसुद्धा त्यांनी कधी ठेवलं नाही. पण रविवारी उजाडलं की ते पिशवी घेऊन मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात जायचे, सुरमईचा कल्ला उघडून आत बघायचे, कोळणीशी जुन्या वैऱ्यासारखे भांडायचे आणि मग विजयी चेहऱ्याने परत येऊन स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे. ताबा हाच शब्द बरोबर आहे, कारण आईला बाहेर जावं लागे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि शाळेतल्या पोरांना धाकात ठेवणारी ही बाई रविवारी मात्र पडवीत सुपात तांदूळ घेऊन निमूट बसायची. आतून आवाज यायचे. मीठ कुठे आहे, आगळाची बाटली कुठे गेली, चिमटा कोणी हलवला. आई मान वर न करता म्हणायची, "तुमच्या समोर." आणि तो जिन्नस खरोखरच त्यांच्या समोर असायचा.

त्या पदार्थाला आम्ही मच्छीपाव म्हणायचो. लग्नाआधी अण्णा काही वर्षं मुंबईत नोकरीला होते. तिथे त्यांच्या खोलीतला एक जण कुठल्याशा हॉटेलात आचारी होता आणि त्याने त्यांना ही एक विद्या दिली, असं ते सांगत. सुरमईचा मधला काटा काढून तळहाताएवढे तुकडे करायचे, त्यांना हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवायचं, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून कढईभर गोडेतेलात सोडायचे. तेल इतकं की तुकडा पोहला पाहिजे. दुसरीकडे तव्यावर लोण्यात पाव खरपूस व्हायचे. पावात हिरवी चटणी, वर मासा, वर कांदा, आणि तो पाव तसाच सरळ हातात. ताटात घेतला की पावाला घाम येतो असा त्यांचा सिद्धांत होता, त्यामुळे मी आणि आई मागच्या दारी उभ्या राहून फुंकर मारत खायचो. जीभ भाजायचीच. जीभ भाजली नाही असं एकदा मी म्हणाले तर अण्णांनी माझा पाव काढून घेतला आणि पुन्हा तव्यावर टाकला. रेडिओ मोठ्याने चालू असायचा, कढईचा आवाज त्याहून मोठा, आणि अण्णा दोन्हींच्या वर गात असायचे. त्यांना सूर नव्हता, पण हे त्यांना सांगायची जबाबदारी कोणी घेतली नाही.

माझ्या अकरावीच्या वर्षी एका दुपारी कचेरीतून निरोप आला की अण्णांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलंय. त्या दिवसांबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ते वाचले. घरी आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता आणि पडवीची एक पायरी चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हे मला चांगलं आठवतं, कारण त्याआधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता तो फक्त शाबासकीसाठी. डॉक्टर जुन्या वळणाचे, तोंडावर बोलणारे. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं की तळलेलं बंद, लोणी बंद, खोबरं अगदी बेताने, मीठ कमी, आणि रोज संध्याकाळी समुद्रापर्यंत चालत जाऊन यायचं. आईला कोणी एवढ्या स्पष्ट सूचना दिल्या की तिचं समाधान व्हायचं. त्याच संध्याकाळी कढई माळ्यावर गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अण्णांना मज्जाव झाला. रविवारी सकाळी धूर झाला, घाम आला, दगदग झाली तर काय घ्या, म्हणून बाजारालाही मी जायला लागले.

घर एकदम हळू आवाजात बोलायला लागलं. रेडिओ बंद. भेटायला येणारे पडवीतल्या बाकावर बसून कुजबुजत आणि जाताना अण्णांकडे अशा नजरेने बघत की मला त्यांचा राग यायचा. आई ताट वाढायची आणि अण्णांचा पहिला घास गिळून होईपर्यंत तिथेच उभी राहायची. रात्री त्यांनी कूस बदलली तरी तिला जाग यायची. सुट्टीच्या दिवशीची तिची दुपारची डुलकीसुद्धा बंद झाली होती. ती दिवसभर कशाची तरी चाहूल घेत असल्यासारखी वावरायची.

पण रविवार कसा चुकवणार? मच्छीपावाशिवाय रविवार हा आमच्याकडे सोमवारच होता. तेव्हा आईने ठरवलं की तोच पदार्थ आपण हलका करू. तिचा पहिला प्रयत्न म्हणजे हळदीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात उकडलेली सुरमई, कोरड्या भाजलेल्या पावात. वास छान होता, हे मी आजही सांगेन. अण्णांनी पाव उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "आजारी कोण आहे? मी, की हा मासा?" मला हसू आलं. आईला नाही आलं. पुढच्या खेपेला तिने केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजलं. तो बरा होता, पण मऊ, आणि अण्णा म्हणाले की दात नसलेल्या माणसासाठी उत्तम आहे, दात पडले की आपण हाच करू. मग पोफळीहून मामा आला. तो तिथल्या वीजघरात नोकरीला, कॉलनीत राहायचा, आणि नव्या वस्तूंची त्याला भारी हौस. बहिणीची अडचण ऐकून तो येताना नॉनस्टिक तवा घेऊन आला होता. यात तेल लागतच नाही, असं त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू तो तवा त्यानेच शोधला. मासा खरंच चिकटला नाही. घसरत राहिला. अण्णांनी एक घास खाल्ला आणि मामाला म्हणाले, "ज्या तव्याला मासा धरवत नाही त्याला आपण काय बोलायचं?" मामा परत जाताना थोडा रुसलेला होता.

सध्या माझ्या ओट्यावर सुनेने आणलेला एअर फ्रायर आहे. तो शिट्टी वाजवून सांगतो की मासा झाला, आणि नातू त्या सँडविचचे फोटो काढून मित्रांना पाठवतो. मासा चांगला होतो, उगाच नावं ठेवणार नाही. फक्त त्याच्यापुढे उभं राहून कोणी गाऊ शकेल असं मला वाटत नाही.

तर असे प्रयोग चालले होते आणि अण्णा प्रत्येक पाव अर्धा खाऊन बाजूला ठेवत होते. आठवड्यातलं बाकीचं जेवणही तसंच, चिवडल्यासारखं. आईला काळजी लागली की यांचं वजन फार उतरेल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं तर वजन वाढलेलं. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, आईने अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. चालण्याने भूक सुधारली असेल, असं ते म्हणाले. चालणं मात्र त्यांनी खरंच मनावर घेतलं होतं. पाच वाजले की चपला घालून तयार, पावसाचं वातावरण असलं तरी. मी सोबत येते म्हटलं की माझ्या अभ्यासाची त्यांना अचानक फार काळजी वाटायची.

आईने घरी येऊन त्यांचा सदरा धुवायला घेतला. खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. रुमाल तसाच दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला निघाले, फाटकाची कडी वाजली, आणि आई मला म्हणाली, "चपला घाल गो."

आम्ही त्यांच्या मागे बऱ्याच अंतराने चालत होतो. आईची शाळेची साडी, काखेत पर्स, चेहरा परीक्षेच्या दिवशी असतो तसा. वाटेत दोघीतिघींनी कुठे निघालात म्हणून विचारलं, तिला थांबून हसावं लागलं, आणि तेवढ्यात अण्णा दिसेनासे झाले. पण आम्हाला घाई नव्हती. ते मांडवीच्या किनाऱ्यालाच जाणार हे माहीत होतं. समुद्रावर पोचलो तेव्हा भरती होती, काळी वाळू ओली, आणि जेट्टीच्या वाटेवर रमजानचाचांच्या गाडीपाशी चारपाच माणसं उभी होती. रमजानचाचा तिथे संध्याकाळी तळलेले मासे विकायचे. अण्णा गाडीला टेकून उभे होते, हातात कागदात धरलेला पाव, त्यातून सुरमईचा तुकडा बाहेर डोकावत होता, आणि चाचा त्यांना काहीतरी सांगत होते. मग अण्णा हसले. तोंडात घास असताना, मान मागे टाकून, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं हसले. दवाखान्यातून आल्यापासून ते हसणं मी ऐकलेलं नव्हतं. माझी खात्री होती की आई आता तडक जाऊन त्यांच्या हातातला पाव काढून घेणार. मी तर मनातून थोडी पुढेच सरकले होते, मध्ये पडायला. पण आई थांबली. पदर खांद्यावरून घेऊन ती नुसती बघत राहिली, ते हसणं संपेपर्यंत.

मग ती गेली आणि अण्णांच्या शेजारी उभी राहिली. अण्णांचा हात तोंडाच्या वाटेवर थांबला. गाडीभोवतीची माणसं थोडी मागे झाली. आईने त्यांच्यातल्या दोघांना तरी बाराखडी शिकवली होती. आई चाचांना म्हणाली, "मला एक द्या." जन्मात रस्त्यावर काही न खाल्लेली बाई. रस्त्यात भेळ खाताना दिसलेल्या मुलांना ती दुसऱ्या दिवशी वर्गात उभं करायची. चाचांनी पाव दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, चावून चावून, सगळा संपवला. कढईत तेल उकळत होतं. कागदाला बोटं पुसून तिने विचारलं की हे चांगलं आहे, पण मी घरी करते तेही काही इतकं वाईट नव्हतं, मग ते का खाल्लं नाहीत.

अण्णा खाली बघत म्हणाले, "घरी मी पेशंट असतो. तू ताट ठेवतेस आणि घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतेस. इथे कोणी मला कसं वाटतंय म्हणून विचारत नाही."

आईने हातातल्या कागदाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "मी उभी राहते कारण मला भीती वाटते."

एवढंच. ती रडली नाही, आवाजही चढला नाही. मी त्या दोघांची मुलगी, सोळा वर्षं त्यांच्याबरोबर राहिलेली, पण आईला कशाची भीती वाटते असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटतं अण्णाही पहिल्यांदाच ऐकत होते. रमजानचाचा पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेली बरणी पुसायला लागले. अण्णांनी हातातला उरलेला पाव कागदात गुंडाळला, गाडीखाली बसलेल्या कुत्र्यापुढे ठेवला, आणि आम्ही तिघं घरी आलो. वाटेत चढावर अण्णा दम घ्यायला थांबले तेव्हा आईही थांबली, आणि त्यांच्याकडे न बघता मुद्दाम दुसरीकडे, कोणाच्या तरी अंगणातल्या अबोलीकडे बघत राहिली. ते तिला किती जड गेलं असेल हे मला आता कळतं.

पुढच्या रविवारी सकाळी आईने माझ्याबरोबर अण्णांनाही मिरकरवाड्याला पाठवलं. ते परत आले, कोळणीशी भांडून गालांवर जरा रंग चढला होता, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कलथा होता. तो तिने त्यांना दिला आणि म्हणाली की मासा तुम्ही करा, पण तेलाचं भांडं माझ्या हातात राहील. अण्णांनी ही अट मान्य केली. तसं म्हणायचं म्हणून म्हणते. त्या सकाळी त्यांनी प्रत्येक चमच्यासाठी वाद घातला. आईने जुना लोखंडी बिडाचा तवा काढला, नॉनस्टिक खुंटीवरच राहिला. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात टेकवायचा आणि तो तव्यावर फिरवायचा, घावनाला करतात तसा, ही तिची युक्ती. रव्यात थोडे जाडसर दळलेले तांदूळ मिसळायचे म्हणजे कमी तेलातही कुरकुरीतपणा येतो, ही अण्णांची. तुकडे पातळ कापायचे की जाड यावरून दोघांचं वाजलं. अण्णांचं म्हणणं पातळ, पटकन होतात. आईचं म्हणणं पातळ तुकडा कोरडा पडतो. शेवटी एक पातळ आणि एक जाड असा केला. पातळ तुकडा खडखडीत झाला, कोलंबीच्या वाळवलेल्या सोड्यासारखा, आणि आई त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. न बोलण्यात तिचा हातखंडा होता. जाड तुकड्यावर अण्णांनी आधी झाकण ठेवून त्याला त्याच्याच वाफेत शिजू दिलं, मग झाकण काढून आच वाढवली आणि कडेने तेलाचे चार थेंब मागितले. आईने एकच सोडला. तव्याने चर्र आवाज केला. अण्णांनी कान दिला आणि म्हणाले, "बारीक आहे, पण आहे."

लोण्याऐवजी पाव नुसतेच तव्यावर दाबून शेकले. चटणीत खोबरं नाही, कैरी आणि भरपूर कोथिंबीर. कांदा आगळाच्या पाण्यात मुरवून घेतला म्हणजे मीठ कमी लागलं, आणि वर तवशाच्या पातळ चकत्या, काकडीचा गारवा हवा म्हणून. तो पाव मी मागच्या दारी उभी राहून खाल्ला. जुन्यासारखा नव्हता. जुना तोंडात गेल्यावर दुसरं काही सुचायचं नाही. हा खाताना माशाची चव लागत होती, आगळाची वेगळी, कैरीची वेगळी. मी चांगला झालाय म्हणाले. अण्णांनी माझ्या मताला किंमत दिली नाही. त्यांना परीक्षक दुसराच हवा होता.

म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा ताजे पाव केले, फडक्यात आणि वर कागदात गुंडाळून डब्यात भरले, आणि गार व्हायच्या आत मांडवी गाठायची म्हणून आम्ही चाललो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण ज्या वेगाने अण्णा निघाले त्या वेगाने नक्कीच नाही. आई मागून हळू, हळू असं म्हणत होती आणि ते हात उंचावून ऐकलं ऐकलं असं दाखवत होते. रमजानचाचांच्या गाडीशी उभं राहून आम्ही आमचे पाव उघडले. दुसऱ्याच्या दुकानासमोर आपला माल खायचा याची आईला लाज वाटत होती, म्हणून ती दर्याकडे तोंड करून खात होती. अण्णांनी एक पाव चाचांपुढे धरला. चाचांनी हात पुसले, वास घेतला, घास घेतला, आणि समुद्राकडे बघत बराच वेळ चावत राहिले.

"याला मच्छीपाव नको म्हणू, अण्णा," ते म्हणाले. "दुसरा कायतरी नाव दे. पण बरा हाय."

अण्णांचा चेहरा पडला. ते सांगायला लागले की तवा अजून थोडा तापायला हवा होता, पाव कालचा होता, वाटेत वारा लागला. चाचा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं की आणखी एक आहे का. होता. तो त्यांनी कागदात नीट बांधला, वर दोरा गुंडाळला, आणि गाडीच्या खालच्या फळीवर, आपल्या डब्याशेजारी ठेवला. म्हणाले, घरी बायकोलाही डॉक्टरने तेल बंद केलंय, ती सहा महिने माझ्याशी धड बोललेली नाही, तिला देऊन बघतो. मग कृती विचारली. ती अण्णांनी सांगितली, आणि मधे मधे दुरुस्त्या आईने केल्या, दर्याकडे तोंड करूनच.

तो प्रकार आमच्या घरात टिकला. त्याला नाव मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही. अण्णा त्यानंतर खूप वर्षं जगले, इतकी की ते डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरला अण्णा पथ्यावर व्याख्यान द्यायला लागले. कधीमधी मांडवीला जाऊन ते खरा तळलेला पावही खात, पण तेव्हा आई बरोबर असे आणि अर्धा ती खाई. अर्ध्याहून थोडा जास्त, असं अण्णांचं म्हणणं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती चाचांनी तो पाव खाल्ला त्याच्या पुढच्या रविवारची दुपार. पाव खाऊन झाले होते, तवा भिजत पडला होता, आणि मी भांडी घासायला म्हणून मागच्या दारी निघाले तर अण्णांनी पडवीतून हात करून मला थांबवलं. आई जमिनीवर, चटईसुद्धा न घेता, उशाला हात घेऊन झोपली होती. गाढ. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा दिवसाउजेडी ती झोपली होती, आणि तोंड जरा उघडं पडलं होतं, आणि ती स्पष्टपणे घोरत होती. अण्णा बाकावर, पाठ न टेकता, गुडघ्यावर कोपरं ठेवून, तिच्याकडे बघत बसले होते. रस्त्यावरून कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं तर त्यांनी त्या दिशेने असं रागाने पाहिलं की तो दिसला असता तर त्याची धडगत नव्हती. मी दारात तशीच उभी राहिले, हातात घासायचा तवा घेऊन. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "ऐकतेस ना? आणि इतकी वर्षं मला सांगते की घोरता तुम्ही."